मांजर : अतितृषा व मूत्रपिंडविकार

वय झालेल्या मांजराने नेहमीपेक्षा पुष्कळच पाणी पिणे, म्हणजे अतितृषा, हा स्वतंत्र रोग नसून लक्षण होय; त्यामागे बहुधा मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह किंवा थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव असतो.

पाळीव मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशांतील रानमांजर असल्यामुळे त्याचे मूत्रपिंड अत्यंत दाट लघवी तयार करते. मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, एकदा नष्ट झाले की पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निकामी झाल्यावर लघवी दाट करण्याची शक्ती ओसरते. लघवी पातळ व विपुल होते आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी मांजर सतत पाण्याकडे धावते. तहान अशी लघवीच्या मागून येत असल्याने, घरात घाण होते म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे मांजराच्या जिवावर बेतू शकते.

नाशिकमध्ये हे लक्षण हुकण्याचा धोका उन्हाळ्यात विशेष असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्यामुळे न्हाणीघरातील बादलीत तोंड घालणारे म्हातारे मांजर उन्हाने तहानले असावे असेच घरच्यांना वाटते. शिवाय पंचवटीसारख्या जुन्या वस्तीत बाहेर जाऊन लघवी करणाऱ्या मांजराची वाढलेली लघवी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणून अंदाजापेक्षा मोजमाप बरे: भांड्यात मोजून पाणी ओतावे, तसेच दुसरे भांडे मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवून त्यातील बाष्पीभवनाची घट वजा करावी, आणि चार किलोच्या मांजराचे पिणे रोज २०० मिलिलिटरच्या वर जात असेल तर पशुवैद्याला दाखवावे. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश जेमतेम दहा टक्के असल्याने ते खाणारे मांजर मुळातच अधिक पाणी पिते, हेही ध्यानात घ्यावे.

निदानासाठी लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तिचा दाटपणा, पाहतात. निरोगी मांजरात ते सामान्यतः १.०३५ पेक्षा अधिक असते. रक्तातील क्रिएटिनिन हे त्याज्य द्रव्य बहुधा तीन-चतुर्थांश नेफ्रॉन गेल्यावरच ठळकपणे वाढते, म्हणून केवळ त्यावर विसंबणे अपुरे होय. रक्तदाबही मोजावा लागतो, कारण तो बेसुमार वाढल्यास मांजराला एकाएकी अंधत्व येते.

गेलेले नेफ्रॉन परत मिळत नसले, तरी फॉस्फरस कमी असलेला आहार, ओले अन्न, घरात जागोजागी ठेवलेले पाणी आणि गरजेनुसार त्वचेखाली दिलेले सलाइन यांच्या आधारे कित्येक मांजरे वर्षानुवर्षे बरी राहतात. दूध फॉस्फरसयुक्त असल्याने पाण्याऐवजी ते देत राहणे इष्ट नव्हे. पथ्याचे खाद्य मांजराने नाकारल्यास हट्टाने उपाशी ठेवणे मात्र घातक ठरते, कारण काही दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात चरबी साचू लागते. अशा वेळी ते जे खाईल ते द्यावे आणि पथ्य हळूहळू त्यात मिसळावे.