इंजिन संगणकाची जुळणी आणि परफॉर्मन्स चिप

इंजिन नियंत्रण संगणक, म्हणजेच ईसीयू, हा मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या इंजिनातील इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि टर्बोचा दाब ठरवणारा इलेक्ट्रॉनिक घटक आहे. कारखान्याने दिलेले इंजिनाचे वर्तन बदलण्याचे दोन प्रमुख मार्ग प्रचलित आहेत. पहिल्या मार्गात जुळणीयोग्य ईसीयू बसवून, अथवा मूळ ईसीयूतील माहिती वाचून व बदलून, त्या विशिष्ट गाडीसाठी नवी आकडेवारी तयार केली जाते. दुसऱ्या मार्गात आधीच आकडे भरून विकली जाणारी तयार 'परफॉर्मन्स चिप' बसवली जाते. या दोहोंतील निवड केवळ वेगाच्या हौसेची बाब नाही. इंजिनाचे आयुष्य, प्रदूषण, वॉरंटी, विमा आणि मोटार वाहन कायदा हे सारे प्रश्न तिच्याशी निगडित आहेत.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे वाहननिर्मितीचे महत्त्वाचे केंद्र आहे. वाळूज येथे १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ मध्ये स्कोडाच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली आणि २००७ पासून तेथे ऑडीच्या गाड्याही जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे मराठवाड्यात या विषयाची चर्चा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासून गॅरेजपर्यंत सर्वत्र ऐकू येते.

पार्श्वभूमी

कार्ब्युरेटरच्या काळात इंजिनाची जुळणी हे हाताचे व कानाचे काम होते. मिस्त्री जेट बदलत, सुई वरखाली करत, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवत आणि स्पार्क प्लगवरील काजळीचा रंग पाहून मिश्रण पातळ आहे की दाट हे सांगत. ट्यूनिंग या शब्दाला मराठीत 'जुळणी' हा शब्द चांगला शोभतो. तंबोरा जुळवतात तो त्या खोलीत, त्या दिवशी, त्या गळ्यासाठी; इंजिनाचेही तसेच आहे, आणि पुढील सर्व विवेचनाचा गाभा तोच आहे.

१९७९ मध्ये बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवले. भारतात २००० च्या सुमारास उत्सर्जन मानके कडक होऊ लागली आणि मोटारींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. दुचाकींच्या बाबतीत ही वाट बरीच वळणावळणाची ठरली. बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय ही इंधन इंजेक्शनची मोटारसायकल आणली. पुढे २००९ मध्ये त्याच २२० घन सेंमी क्षमतेच्या गाडीला पुन्हा कार्ब्युरेटर लावण्यात आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर मात्र बहुतेक दुचाकींनाही इंजेक्शन व ईसीयू स्वीकारावे लागले.

कार्यपद्धती

ईसीयूच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते असतात. त्यांना 'मॅप' म्हणतात. तक्त्याच्या एका बाजूला इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूला इंजिनावरील भार असतो. प्रत्येक चौकटीत त्या स्थितीत किती वेळ इंधन फवारायचे, ठिणगी किती अंश आधी पाडायची, याचा आकडा असतो. हवेचा दाब, हवेचे व पाण्याचे तापमान, थ्रॉटलची स्थिती आणि क्रँकची गती सेन्सर कळवतात आणि ईसीयू योग्य चौकटीतील आकडा उचलतो.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एक भाग इंधनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक शक्ती मात्र किंचित दाट, म्हणजे साडेबारा ते तेरा या प्रमाणाजवळ मिळते. संथ व मध्यम वेगात ईसीयू एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून मिश्रण सतत दुरुस्त करतो. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर अनेक गाड्यांत तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून केवळ तक्त्यावर विसंबतो. हा फरक फार महत्त्वाचा आहे. चिपने पहिल्या स्थितीत केलेला बदल ईसीयू थोड्याच वेळात पुसून टाकू शकतो, आणि दुसऱ्या स्थितीत केलेला चुकीचा बदल पकडायला कोणीच नसते.

ठिणगी जितकी योग्य क्षणी तितकी शक्ती अधिक. ती फार लवकर पडली तर मिश्रण अवेळी भडकते आणि इंजिनातून टकटक असा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. दीर्घकाळ नॉकिंग झाल्यास पिस्टनच्या माथ्यास भोक पडण्यापर्यंत मजल जाते. कारखाने ठिणगीच्या वेळेत राखीव अंतर ठेवतात ते हलक्या प्रतीचे पेट्रोल, उन्हाळा आणि निष्काळजी देखभाल यांचा विचार करूनच. चिप विकणारे ज्याला 'दडवलेली शक्ती' म्हणतात ती पुष्कळदा हीच शिल्लक असते.

तयार चिपचे प्रकार

'चिप' या एकाच शब्दाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ग्राहकाची फसगत बहुधा या नावाच्या घोळातूनच होते.

मूळ अर्थाने चिप म्हणजे स्मृतीचा तुकडा. १९८० व १९९० च्या दशकांतील ईसीयूंमध्ये मॅप वेगळ्या ईप्रॉममध्ये असे. तो काढून दुसऱ्या आकड्यांचा ईप्रॉम बसवला की काम झाले. पुढे फ्लॅश स्मृती आली आणि निदानाच्या ओबीडी जोडणीतून मॅप बदलता येऊ लागला. आज ज्याला रिमॅपिंग म्हणतात ते हेच. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा : सर्वांसाठी एकच तयार फाइल भरणे हे तत्त्वतः चिप बसवण्यासारखेच आहे, मग ते काम लॅपटॉपवरून केले तरीही.

दुसरा प्रकार पिगीबॅक. हा छोटा संगणक सेन्सर व मूळ ईसीयू यांच्या मध्ये बसतो आणि येणारे-जाणारे संदेश बदलतो. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्स या कंपनीचे पॉवरट्रॉनिक हे उपकरण दुचाकीस्वारांत परिचित आहे. यांतील काही पिगीबॅकांत तयार मॅप असतात, शिवाय ते संगणकावरून बदलताही येतात. त्यामुळे चिप व जुळणीयोग्य ईसीयू यांमधील सीमारेषा येथे पुसट होते.

तिसरा प्रकार डिझेल गाड्यांची पेटी. कॉमन रेल इंजिनात ही पेटी इंधनाचा दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे ईसीयूला भासवते. ईसीयू दाब वाढवतो, अधिक डिझेल आत जाते आणि ओढ वाढते. ठिणगी नसलेल्या इंजिनात नॉकिंगची ती भीती नाही, पण अधिक डिझेल म्हणजे अधिक उष्णता. हवा पुरली नाही तर काळा धूर येतो.

चौथ्या प्रकारास चिप म्हणणे हा भाषेवरील अन्याय आहे. ऑनलाइन बाजारात काही शे रुपयांना मिळणारी ही वस्तू म्हणजे अनेकदा हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा एक साधा रोधक असतो. हवा थंड आहे असे ईसीयूला भासवून तो इंधन थोडे वाढवतो. ओबीडी जोडणीत खोचायच्या व 'अ‍ॅव्हरेज वाढवणाऱ्या' काही डब्यांत तर लुकलुकणाऱ्या दिव्यांखेरीज काहीही नसते.

जुळणीयोग्य ईसीयू

स्वतंत्र जुळणीयोग्य ईसीयू मूळ संगणकाची जागा घेतो. ऑस्ट्रेलियातील मोटेक व हॉलटेक, पोलंडमधील ईसीयूमास्टर ही यांतील प्रसिद्ध नावे. मेगास्क्वर्ट व स्पीडुइनो या हौशी मंडळींनी वाढवलेल्या प्रणाली तुलनेने स्वस्त असून, स्वतः जोडणी करून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी उपयुक्त आहेत.

अशा ईसीयूची खरी किंमत डब्याची नसते. गाडी डायनोच्या रुळांवर चढवावी लागते, एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावावा लागतो, आणि जाणकार ट्यूनर प्रत्येक चौकट तपासत काही तास घालवतो. थंड इंजिन सुरू होणे, एसी लावल्यावर फेरे न पडणे, सिग्नलला गाडी बंद न होणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी बसवण्यास पूर्ण थ्रॉटलच्या जुळणीपेक्षा अधिक वेळ लागतो. आधुनिक मोटारीत गिअरबॉक्स, एबीएस व चावीची सुरक्षा मूळ ईसीयूशी बोलत असल्याने तो काढून टाकणे रोजच्या गाडीस सहसा परवडत नाही.

महाविद्यालयीन स्पर्धांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एका छिद्रातून घेण्याचे बंधन असते. अनेक भारतीय संघ केटीएम ३९० चे ३७३ घन सेंमी इंजिन वापरतात. हवेचा मार्गच असा आवळल्यावर कारखान्याचे तक्ते निरुपयोगी ठरतात आणि अशा गाडीसाठी कोणाचीही तयार चिप उपलब्ध नसते. तेथे जुळणीयोग्य ईसीयू ही चैन नसून गरज आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इंजिन खऱ्या अर्थाने समजते तेही येथेच.

स्थानिक परिस्थिती

तयार चिपचे आकडे कुठल्या हवेत व कोणत्या इंधनावर ठरवले, हा प्रश्न विक्रेत्यास क्वचितच विचारला जातो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब किनारपट्टीपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो, आणि उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. युरोपातील थंड हवेसाठी व अधिक ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी केलेला मॅप येथील साध्या पेट्रोलवर मे महिन्यात चालवणे म्हणजे नॉकिंगला आमंत्रण होय. महागडे पेट्रोल घालण्याची अट चिपसोबत येते. खेड्यापाड्यांतील पंपावर ते मिळेलच याची खात्री नसते.

इथेनॉलचे प्रमाण हा आणखी एक बदलता घटक आहे. २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलास पूर्ण ज्वलनासाठी १४.७ ऐवजी सुमारे साडेतेरा भाग हवा लागते. जुन्या पेट्रोलवर जुळवलेला मॅप नव्या इंधनावर पूर्ण थ्रॉटलला पातळ पडतो. जुळणीयोग्य ईसीयू पुन्हा जुळवता येतो, परंतु बंद चिप जशी आहे तशीच राहते.

रस्त्यांचे स्वरूपही विचारात घ्यावे लागते. कन्नड व चाळीसगाव यांमधील औट्रम घाटात भरलेली डिझेल गाडी कमी वेगात दीर्घकाळ पूर्ण भार सोसते. पेटीने वाढवलेली उष्णता टर्बोला व क्लच प्लेटला तेथे जाणवते. समृद्धी महामार्गावर याउलट ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत तासन्‌तास एकसारखे चालणे असते. त्या मर्यादेपर्यंत मूळ गाडी विनासायास पोहोचते, त्यामुळे वाढीव कमाल वेगाला कायदेशीर उपयोग उरत नाही. उपयोग असलाच तर तो ओव्हरटेक करतानाच्या ओढीचा.

किती फरक पडतो

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात केवळ आकडे बदलून काही टक्क्यांहून अधिक वाढ होत नाही. टर्बो इंजिनात दाब वाढवता येत असल्याने वीस-तीस टक्क्यांपर्यंतही वाढ शक्य असते. शेंद्र्याच्या पहिल्या पिढीतील स्कोडा ऑक्टाव्हियाचे आकर्षण यातूनच निर्माण झाले. तिचे १.९ लिटर डिझेल इंजिन ९० अश्वशक्तीचे होते, तर युरोपात त्याच क्षमतेची अधिक शक्तीची रूपे विकली जात. ऑक्टाव्हिया आरएस भारतात १५० आणि युरोपात १८० अश्वशक्तीची होती. मात्र अशा वाढीव रूपांत टर्बो, इंजेक्टर किंवा क्लचही अनेकदा वेगळे असतात. 'फक्त सॉफ्टवेअरने बांधून ठेवलेली गाडी' हे वर्णन म्हणून अर्धसत्य ठरते.

फोक्सवॅगन प्रकरण

ईसीयूतील आकडे ही सार्वजनिक हिताची बाब कशी आहे, हे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणाने दाखवून दिले. ईए १८९ मालिकेच्या डिझेल इंजिनांतील सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखत असे व तेवढ्यापुरते नायट्रोजन ऑक्साइडचे उत्सर्जन कमी करत असे. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, चाचण्या घेतल्या. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १,९८,५००, स्कोडाच्या ८८,७०० आणि ऑडीच्या ३६,५०० गाड्या होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीस ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०१९ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. भारतीय मानकांचा भंग झाला नाही, अशी कंपनीची भूमिका होती.

दुरुस्तीचा मुख्य भाग सॉफ्टवेअर बदलण्याचा होता. बाहेरून रिमॅप केलेल्या गाडीत अशा अद्ययावतीकरणाने ट्यूनरचा मॅप पुसला जातो, आणि नंतर जुना मॅप पुन्हा भरल्यास दुरुस्तीच रद्द होते. मोठ्या कंपनीने केले तर घोटाळा आणि गल्लीतील गॅरेजने केले तर हौस, असा भेद हवेला कळत नाही.

कायदा, वॉरंटी व विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ निर्धारित केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये परवानगी नसलेल्या बदलासाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषण व आवाजाच्या मानकांचा भंग कलम १९० खाली येतो.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी निर्दोष, हा समज चुकीचा आहे. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी जागेवर उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजते, डिझेलची धुराची दाटी मोजते. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजले जात नाही आणि रस्त्यावरील भारही त्यात नसतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत मात्र उत्सर्जनाशी संबंधित भागांवर गाडीतील संगणकच प्रत्यक्ष चालताना लक्ष ठेवतो.

काही ईसीयू आपल्यात किती वेळा लिखाण झाले याची नोंद ठेवतात, त्यामुळे मॅप मूळपदावर आणला तरी शोरूमला ते कळू शकते व वॉरंटी नाकारली जाऊ शकते. विमा कंपनीस न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

निवड

वॉरंटीतील, रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी दोन्हीपैकी काहीही न करणे हाच बहुतेकांसाठी योग्य निर्णय ठरतो. एअर फिल्टर, प्लग, टायरचा दाब आणि वेळेवर सर्व्हिसिंग यांतून हरवलेली ओढ पुष्कळदा परत मिळते.

बंदिस्त ट्रॅकवरील गाडी पूर्णपणे मूळ स्वरूपात असेल आणि ज्या इंधनावर मॅप केला तेच मिळणार असेल, तर नामांकित संस्थेची तयार फाइल किंवा पिगीबॅक स्वस्त व पुरेसा असतो. एक्झॉस्ट, कॅमशाफ्ट, टर्बो, इंजेक्टर यांपैकी काहीही बदलले असेल, किंवा पुढे बदलायचे असेल, तर तयार चिपचे आकडे लागू पडत नाहीत आणि जुळणीयोग्य ईसीयू घ्यावा लागतो. स्पर्धेत उतरणाऱ्याने प्रथम आपल्या गटाचे नियम वाचावेत. अनेक गटांत मूळ ईसीयू बंधनकारक असतो आणि एकाच प्रकारच्या गाड्यांच्या शर्यतीत तो आयोजकांकडून सीलबंदही केला जातो.

जवळपास डायनो व अनुभवी ट्यूनर नसेल तर जुळणीयोग्य ईसीयू विकत घेण्याची घाई करू नये. अंदाजाने जुळवलेला महागडा ईसीयू साध्या चिपपेक्षा लवकर इंजिन बिघडवतो, कारण त्यात कारखान्याने ठेवलेली सुरक्षेची बंधनेही काढता येतात. जुनी टर्बो गाडी घेताना पूर्वीच्या मालकाने रिमॅप केले होते का, हे विचारावे आणि शक्य असल्यास अधिकृत केंद्रात सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासून घ्यावी.