त्रिमितीय आलेखातील गतिमान बिंदू

तीन अक्षांच्या आलेखात एका किंवा अनेक बिंदूंची स्थाने ठरावीक अंतराने बदलत जाऊन त्यांची हालचाल पडद्यावर दाखवण्याची पद्धत. ग्रहांच्या कक्षा, डब्यातील वायूचे कण, गतिकीतील प्रक्षेपमार्ग यांच्या अभ्यासात ती वापरतात. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी या कामी फार प्रचलित असल्याने प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

इतिहास : अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्संकेत पाहता यावेत म्हणून जॉन हंटर (1968–2012) या मज्जाजीवशास्त्रज्ञाने मॅटप्लॉटलिब लिहिली, ती 2003 मध्ये बाहेर आली. त्रिमितीय आलेखांचा भाग जॉन पोर्टर यांचा. 0.98 या आवृत्तीतून तो वगळला गेला आणि रेनिअर हेरेस यांनी 2009 मध्ये 0.99 मधून परत आणला. रायन मे यांनी लिहिलेला ॲनिमेशनचा विभाग 2011 च्या 1.1 आवृत्तीपासून मिळतो.

कार्यपद्धती : ॲनिमेशनच्या विभागातील ‘फंकॲनिमेशन’ला आपण एक फंक्शन देतो आणि प्रत्येक फ्रेमला ते बोलावले जाते. दोन फ्रेममधले अंतर सांगितले नाही, तर ते 200 मिलिसेकंद धरले जाते. सेकंदाला पाच फ्रेम मिळाल्या की बिंदू सरकत नाही, उड्या मारतो; 40 ते 50 मिलिसेकंदांवर डोळ्याला सलग गती भासते. ‘फंकॲनिमेशन’कडून मिळालेले ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवावे लागते. नाहीतर पायथन ते मेमरीतून काढून टाकते आणि ॲनिमेशन सुरूच होत नाही.

बिंदू हलवण्याच्या आज्ञेत नवशिके हटकून अडखळतात. द्विमितीतली ‘सेट_डेटा’ क्ष आणि य एवढेच घेते; झ साठी ‘सेट_थ्रीडी_प्रॉपर्टीज’ वेगळी द्यावी लागते. पहिली एकटीच दिली, तर बिंदू जागचा हलत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. तिन्ही सहनिर्देशक एकदम घेणारी ‘सेट_डेटा_थ्रीडी’ वापरणे केव्हाही बरे. प्रत्येक फ्रेमला आलेख पुसून नव्याने काढण्याची सवय मात्र टाळावी. तसे केल्यास अक्षांच्या मर्यादा दर वेळी नव्याने ठरतात. एकटा बिंदू चौकटीच्या मधोमध बसून राहतो आणि धावतात ते अक्षांवरचे आकडे.

काळाची पायरी : गणिताची पायरी आणि पडद्यावरची फ्रेम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयात याहून महत्त्वाचे काही नाही. एडवर्ड लोरेन्झ यांची 1963 मधील समीकरणे घ्या (स्थिरांक 10, 28 आणि 8/3). गणित 0.01 एकक काळाच्या पायरीने करायचे आणि दर पाच पायऱ्यांनी 50 मिलिसेकंदांची एक फ्रेम दाखवायची. म्हणजे समीकरणातला एक एकक काळ बरोबर एका सेकंदात सरतो. आता एक लाल बिंदू सोडावा आणि त्याच्यापासून एक दशलक्षांशाने हटून एक निळा. सुरुवातीला निळा दिसतच नाही, तो लालखाली झाकलेला असतो. दोन्ही मार्गाच्या दोन पाकळ्यांपैकी एकाच पाकळीत फिरतात, पलीकडच्या पाकळीत जातात, परत येतात. साधारण पंधरा ते वीस सेकंदांनी निळा अलगद सुटा होतो आणि थोड्याच वेळात लाल एका पाकळीत, निळा दुसऱ्या. स्थिर चित्रात रेषांच्या गुंत्यात हरवणारा हा क्षण इथे लख्ख दिसतो. पायऱ्या वाचवण्यासाठी फ्रेमचीच लांबी गणितात घातली, तर मिळते ती चुकीच्या मार्गाची देखणी चित्रफीत.

खोली : पडदा सपाट असल्याने पाहणाऱ्याच्या दृष्टिरेषेवरून येणारा बिंदू जवळजवळ थांबलेला दिसतो. ‘स्कॅटर’ने काढलेले दूरचे बिंदू फिकट होतात, ‘प्लॉट’ने काढलेले होत नाहीत. बिंदूमागे शेपटीसारखा छोटा माग ठेवावा किंवा त्याची सावली तळावर पाडावी. यांपैकी सावली अधिक बोलकी. बिंदू हलत असतानाच आलेखही फिरवला, तर कोण फिरते आहे ते कळत नाही.

साठवण : चित्रफितीसाठी एफएफएमपेग, जिफसाठी पिलो.

अन्य लायब्ररी : व्हीपायथनमध्ये बिंदूचा माग आपोआप उमटवता येतो. गुंतागुंतीच्या दृश्यांसाठी मॅटप्लॉटलिबचे स्वतःचे दस्तऐवजच मायावीकडे बोट दाखवतात. मायावीचे मूळ कर्ते प्रभू रामचंद्रन मुंबईच्या आयआयटीत एरोस्पेस विभागात प्राध्यापक आहेत. मायावीत बिंदूचे तिन्ही सहनिर्देशक एकाच आज्ञेने बदलतात, आणि कोणता बिंदू कोणाच्या मागे आहे याचा हिशेब ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीकडे असतो.