'बूनडॉगल': गोफापासून उधळपट्टीपर्यंत

सरकारी पैशाच्या उधळपट्टीला अमेरिकेत 'बूनडॉगल' म्हणतात. शब्दाचा आधीचा अर्थ मात्र साधा आहे: चामड्याच्या पट्ट्या गुंफून केलेला गोफ. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरचे स्काउटमास्तर रॉबर्ट लिंक यांना या नावाचे श्रेय दिले जाते. 1929 साली इंग्लंडमध्ये भरलेल्या जागतिक स्काउट मेळाव्यात हे गोफ गाजले. मालवण किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ वळणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

शब्दाला डाग लागला तो महामंदीत. न्यूयॉर्क शहरात बेकारांसाठी काढलेल्या कामांची चौकशी चालू असताना एका हस्तकला शिक्षकाने आपण बूनडॉगल शिकवतो, अशी साक्ष दिली. 4 एप्रिल 1935 रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती छापली आणि रूझवेल्टच्या विरोधकांना आयती शिवी मिळाली. रूझवेल्टने 1936 च्या जानेवारीत उत्तर दिले की, अशा कामांनी देश मंदीतून बाहेर पडला, तर हाच शब्द लोक पुढे मानाने उच्चारतील. तसे झाले नाही. शिवी तेवढी उरली.

हा वाद आपल्याही घरचा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खडी फोडण्यावर पैसा घालवला, खोटे हजेरीपट भरले, अशी टीका तिच्यावरही झाली. काही ठिकाणी ती रास्तही होती.

पण 1990 पासून या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. सिंधुदुर्गातल्या वरकस जमिनीत, डोंगरउतारावर आंबा-काजूची कलमे लागली. खड्डे खणणाऱ्याला मजुरी तेव्हाच मिळाली. काजू धरायला तीनेक वर्षे गेली, हापूसला त्याहून अधिक. जिथे पाण्याची सोय नव्हती, तिथे कलम जगवणे कठीणच होते. तरीही पहिल्या वर्षी हिशेब मांडणाऱ्याला कागदावर फक्त खर्च आणि खड्डेच दिसले असते.

म्हणून सार्वजनिक खर्चाला उधळपट्टी म्हणण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: त्या दिवशी कोणाची चूल पेटली, आणि दहा वर्षांनी जागेवर काय उरले? 1935 च्या बातमीने गोफाला हसताना यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता.