मेमरिस्टर

१४. मेमरिस्टर : ‘मेमरी’ आणि ‘रेझिस्टर’ (रोधक) यांचा जोडशब्द. आधी वाहून गेलेल्या विजेनुसार याचा रोध बदलतो आणि वीज बंद केली तरी टिकतो. हीच त्याची स्मृती. कल्पना लिऑन चुआ यांची (१९७१). एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थराचा नमुना जाहीर केला. याचा उपयोग कुठे? नेहमीच्या संगणकात न्यूरल नेटवर्कचे भारांक (जोडण्यांचे बळ दाखवणारे आकडे) स्मृतीतून प्रोसेसरकडे सतत आणावे लागतात. बराच वेळ आणि वीज या ने-आणीतच खर्ची पडते. मेमरिस्टरच्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत प्रत्येक छेदावर एक भारांक साठवतात. आडव्या तारांना व्होल्टेज दिले की ओहमच्या नियमाने व्होल्टेज आणि भारांक यांचा गुणाकार होतो. उभ्या तारेत प्रवाह एकत्र येतात आणि किरचॉफच्या नियमाने बेरीज होते. जागच्या जागी होणारा हिशेब तो हाच. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) नॅनोसायन्स व बायोटेक्नॉलॉजी विभागात डॉ. तुकाराम डोंगळे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा उपकरणांवर संशोधन केले आहे. मेंदूतील चेतापेशींच्या जोडासारखी (सिनॅप्स) वागणारी उपकरणे घडवणे हा त्याचा महत्त्वाचा भाग. – संपा.