ऐच्छिक विषय : मॅट्रिक ते द्विलक्षी

माध्यमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत काही विषय सर्वांना सक्तीचे असतात आणि काही विद्यार्थ्याने यादीतून निवडायचे असतात. या दुसऱ्या प्रकाराला ऐच्छिक किंवा वैकल्पिक विषय म्हणतात. महाराष्ट्रात या पद्धतीचे मूळ मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सापडते. विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. नावाने ही परीक्षा शाळेची वाटली तरी ती घेत होते विद्यापीठ, आणि घेत होते ते आपल्या दारात कोणाला उभे करायचे हे ठरवण्यासाठी. त्यामुळे हायस्कुलात काय शिकवायचे हेही विद्यापीठानेच ठरवले. ऐच्छिक विषयांच्या पुढच्या सगळ्या इतिहासावर या गोष्टीची छाया आहे.

मॅट्रिकला इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल यांतून सुटका नव्हती. निवडीला वाव होता तो 'दुसऱ्या भाषे'त. संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशी यादी असे. आरंभी मराठी-गुजरातीसारख्या देशी भाषांनाही विद्यापीठाच्या परीक्षांत जागा होती, पण १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या बाहेर पडल्या आणि अभिजात भाषांचे वजन वाढले. मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून रानड्यांनी बरीच वर्षे खटपट केली. १९०१ मध्ये एम.ए.ला मराठी आली, पण त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे वारले होते.

मराठी मुलुखात दुसरी भाषा म्हणजे बहुतेक ठिकाणी संस्कृत. तिची सोय भांडारकरांनी लावून दिली. 'मार्गोपदेशिका' आणि 'संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका' ही त्यांची दोन पुस्तके मुळी इंग्रजी शाळांतल्या मुलांसाठी लिहिलेली. धड्यागणिक थोडे व्याकरण, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात करायची वाक्ये, शेवटी शब्दसंग्रह. पाठशाळेत बारा वर्षे घोकून मिळणारी विद्या तासांच्या वेळापत्रकात बसवण्याची ही युक्ती होती आणि ती फार टिकाऊ ठरली. वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेवरचे मार्गदर्शक पुस्तक १८८१ चे, तेही विद्यार्थ्यांसाठीच. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे. १९१२ मध्ये ती पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांना मिळाली. घरात 'शंकरशेट' आणणारा मुलगा ही अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट होऊन बसली.

पण यादीत विषय असणे आणि तो घेता येणे यांत अंतर होते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण भीमराव रामजी आंबेडकर यांचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असताना त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवी होती. अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे बी.ए.लाही त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसी हेच होते. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या प्रयत्नाने शिकून घेतली. सरकारी शाळेच्या कागदपत्रांत या निवडीची नोंद 'ऐच्छिक भाषा : फारसी' अशीच झाली असणार, आणि ती पाहून कोणालाही काही वावगे वाटले नसते.

पालीची कथा वेगळ्या वळणाची आहे. धर्मानंद कोसंबी सिलोन आणि ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकून आले. मुंबई विद्यापीठात पालीला प्रवेश मिळण्यात भांडारकरांचा हात होता. १९१२ पासून कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. कॉलेजात विषय आला की त्याची पायरी शाळेत लागते, तशी पाली आणि जैनांच्या आगमांमुळे महत्त्व असलेली अर्धमागधी या दोन्ही भाषा शालेय परीक्षांच्या यादीत आल्या. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी १९५६ मध्ये बौद्ध धर्म स्वीकारल्यानंतर पालीला, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या भाषेला, जो नवा अर्थ आला, तो यादी करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हता.

मुलींच्या शाळांत वाद याहून मुळातला होता. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा तिथे इंग्रजी आणि मुलांच्या हायस्कुलातले इतर विषय शिकवावेत, असे रानडे-भांडारकर-वामन आबाजी मोडक या चालकांचे मत होते. टिळकांच्या 'मराठा' या वृत्तपत्राने त्यावर कडाडून टीका केली. मुलींना देशी भाषा, शिवण आणि आरोग्य पुरे, असा त्या टीकेचा सूर होता. शाळा आपल्या वाटेने गेली, पण मुलींसाठी वेगळे विषय हवेत ही कल्पना मेली नाही. कोणते विषय मुलींचे आणि कोणते मुलांचे, हा हिशेब पुढे ऐच्छिक विषयांच्या यादीत शिरला तो असा.

मॅट्रिक सगळ्यांना कॉलेजकडेच ढकलते, ही तक्रार सरकारदरबारीही होती. १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन फाटे करावेत, असे सुचवले. एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापार-उद्योगाकडे किंवा इतर व्यावहारिक कामाकडे. मुंबई इलाख्यात 'स्कूल फायनल' ही वेगळी परीक्षा निघाली, ती सरकारी नोकरीकडे पाहूनच. तिच्यात निवडीला मॅट्रिकपेक्षा जागा होती. तरीही ज्याला शक्य होते तो मॅट्रिकलाच बसला. लग्नाच्या बाजारातसुद्धा 'मॅट्रिक' हा शब्द चालत होता. 'स्कूल फायनल'ला तो भाव कधीच आला नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमची परिषद भरली आणि हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा मानला गेला. हायस्कुलांपर्यंत यातले पोहोचले ते मुख्यतः टकळी आणि सूतकताईचा तास एवढेच.

खरा बदल झाला तो विद्यापीठाच्या हातून शालान्त परीक्षा गेली तेव्हा. १९४८ च्या कायद्याने मुंबई प्रांतात एस.एस.सी. परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. परीक्षा अकरावीला होती. 'शाळा सोडल्याचा दाखला' आणि 'कॉलेजात प्रवेश' या दोन गोष्टी आता वेगळ्या समजायच्या, असा मंडळाचा हेतू होता. त्यामुळे ऐच्छिक विषयांची यादी एकदम रुंदावली. बीजगणित-भूमिती, पदार्थविज्ञान-रसायन, शरीरशास्त्र व आरोग्यशास्त्र, संस्कृत, अर्धमागधी, बुककीपिंग, टंकलेखन, शेती, चित्रकला, गृहशास्त्र, शिवण अशी ती यादी. ज्याला बीजगणित-भूमिती झेपत नाही त्याने नुसते अंकगणित घेऊनही एस.एस.सी. व्हावे, अशी सवलत होती.

ही सवलत कोणाला किती महाग पडली, ते निकालानंतर कळे. विद्यापीठांनी आपल्या अटी सोडल्या नव्हत्या. अमुक शाखेला यायचे तर एस.एस.सी.ला तमुक विषय हवेतच. अंकगणित आणि शरीरशास्त्र घेऊन चांगल्या गुणांनी पास झालेल्या मुलीला विज्ञान शाखेचे दार बंद असल्याचे जूनमध्ये समजे, आणि तो विषय घेण्याचा निर्णय तर तीन वर्षांपूर्वी आठवीत झालेला असे. बहुधा शाळेनेच केलेला. लहान गावातल्या हायस्कुलात बी.एस्सी. झालेला एकच मास्तर असला, तर 'ऐच्छिक' विषय तोच जो शिकवायला माणूस आहे. यादी पुण्यात छापली जाई आणि निवड तालुक्याच्या गावी मुख्याध्यापकाच्या टेबलावर होई.

१९५२–५३ मध्ये ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने निवडीलाच धोरणाचे रूप दिले. भाषा, सामान्य विज्ञान, सामाजिक अभ्यास आणि एक हस्तव्यवसाय हा सर्वांसाठी गाभा. त्याशिवाय सात गटांपैकी एक निवडायचा : मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललितकला आणि गृहविज्ञान. हे सगळे एकाच आवारात मिळावे म्हणून 'बहुउद्देशीय शाळा' काढाव्यात, अशी शिफारस होती. अशा शाळा देशभर निघाल्या. त्यांची अडचण साधी होती. कृषी गटाला जमीन लागते, तांत्रिक गटाला यंत्रे, विज्ञानाला प्रयोगशाळा आणि प्रत्येकाला शिक्षक. पैसा बेताचा असल्यावर कागदावरचे सात गट प्रत्यक्षात दोन-तीनवर आले.

तांत्रिक गट मात्र महाराष्ट्रात मूळ धरून राहिला, कारण त्याची व्यवस्था शहाणपणाने केली होती. दर शाळेत कार्यशाळा न काढता गावात एक शासकीय तांत्रिक विद्यालय ठेवायचे आणि आसपासच्या शाळांतल्या मुलांनी ठरलेल्या दिवशी तिथे जायचे. एखाद्या भाषेचा तास त्यांना सुटे. कार्यशाळेत पहिले काम बहुधा फायलिंगचे. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानशीने घासून त्याच्या बाजू काटकोनात आणायच्या. तुकड्याला 'जॉब' म्हणत. सर तो उजेडाकडे धरून वर गुण्या टेकवत. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. काही आठवडे मुलगा तोच तुकडा घासत राही आणि शेवटी तो मूळच्या निम्मा उरे. व्ही-१, व्ही-२, व्ही-३ ही या विषयांची सांकेतिक नावे आजही तांत्रिकच्या मुलांच्या तोंडी आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमाला जाणाऱ्या कितीतरी मुलांची अभियांत्रिकीशी पहिली ओळख अशी झाली. तांत्रिक म्हणजे अभ्यासात मागे असलेल्यांचा वर्ग, अशी समजूत मात्र शिक्षकांच्या खोलीतही होती.

चित्रकलेने निराळाच मार्ग काढला. शाळेच्या परीक्षेबाहेर शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे त्यांचे पेपर. वही, पोस्टर कलर आणि पाण्याचा डबा घेऊन रविवारी शाळेत जमणारी मुले हे महाराष्ट्रातले ओळखीचे दृश्य आहे. अलीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकही हिशेब करूनच मुलाला चित्रकलेच्या वर्गाला घालतात.

मुदलियार आयोगाच्या गटपद्धतीला पहिला मोठा धक्का दिला तो कोठारी आयोगाने (१९६४–६६). या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाची वाट कायमची ठरवणे गैर आहे, म्हणून पहिली दहा वर्षे सर्वांना एकच सामान्य शिक्षण द्यावे आणि विशेष विषय त्यानंतर घ्यावेत, असे आयोगाचे मत होते. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची दहावी झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही परीक्षा झाली, त्यामुळे दोन पिढ्या एकदम कॉलेजच्या दारात आल्या. गणित आणि विज्ञान आता सर्वांना सक्तीचे झाले. मुलींच्या बाबतीत याचा परिणाम मोठा होता, कारण गृहशास्त्राच्या आडोशाने गणित टाळण्याची (किंवा टाळायला लावण्याची) वाट बंद झाली.

दहावीपर्यंत निवड उरली ती पुन्हा भाषेत : संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी, नाहीतर दोन्ही मिळून पन्नास-पन्नास गुणांची 'संयुक्त'. मोठ्या शहरांत जर्मन किंवा फ्रेंच. घंटा झाली की वर्ग फुटतो, संस्कृतवाले बसून राहतात आणि हिंदीवाले दप्तरे उचलून शेजारच्या खोलीत जातात. निवडीचा निकष आता 'स्कोअरिंग' हा एकच शब्द झाला. रूपे चालवून पैकीच्या पैकी गुण मिळतात म्हणून संस्कृत घेणारी मुले भांडारकरांच्या काळापेक्षा संख्येने किती तरी जास्त, आणि दहावीनंतर ती चालू ठेवणारी अगदी थोडी.

खरी फाटाफूट अकरावीवर गेली. 'कोणती साइड घेतली?' हा प्रश्न १९७५ नंतर प्रत्येक घरात विचारला जाऊ लागला. साइड म्हणजे कला, वाणिज्य किंवा विज्ञान. त्यांच्या शेजारी १९७० च्या दशकाच्या अखेरीस द्विलक्षी अभ्यासक्रम आला. विद्यार्थी दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडतो आणि त्याऐवजी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतो. इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत उपकरणांची देखभाल, स्कूटर-मोटरसायकल दुरुस्ती, बँकिंग, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय, गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन असे हे विषय. नावाप्रमाणे दोन लक्ष्ये होती : शिकत राहणे आणि हातात काम येणे. मुलांनी त्यात तिसरे शोधले. २०० पैकी बऱ्याच गुणांवर प्रात्यक्षिकाचा हात असल्याने टक्केवारी वर जाते, म्हणून संगणकशास्त्राच्या जागांसाठी झुंबड उडाली आणि त्यासाठी सोडलेला विषय बहुधा जीवशास्त्र असल्याने वैद्यकाची वाट तिथेच संपली.

१९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, असे लक्ष्य ठेवले. त्याला अनुसरून महाराष्ट्रात 'किमान कौशल्यावर आधारित' अभ्यासक्रम निघाले, ज्यांना सगळे एमसीव्हीसी म्हणतात. देशात ते लक्ष्य गाठले गेले नाही. गेल्या दशकात नववी-दहावीतही भाषेच्या जागी मल्टी-स्किल, ऑटोमोबाइल, रिटेल, पर्यटन, सौंदर्योपचार, आरोग्यसेवा असे व्यवसाय विषय काही शाळांत आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधली पक्की भिंत काढण्याची भाषा आहे, म्हणजे भौतिकशास्त्राबरोबर संगीत किंवा हिशेबाबरोबर इतिहास घेता यावा. अकरावीच्या प्रवेश अर्जात अजून आधी शाखा भरावी लागते आणि विषयांचे रकाने त्यानंतर येतात.