कोल्हापुरचा समुद्रदेव



सोलापूरच्या मनुष्यास कापडाच्या व्यापाराची माहिती नव्यानें द्यावी असें नाहीं. पण एका ग्रीक देवाच्या गोष्टीचा आरंभ मला कापडापासूनच करावयाचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा दर्यावर्दी व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेली ‘पेरिप्लस’ नांवाची एक पुस्तिका आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हें मोठें नगर, असें तींत नमूद आहे. तगराहून साधें कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, बिकट मुलखांतून, भडोच बंदरास जात असे. हें तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. कापड गेलें; त्याच्या मोबदल्यांत मद्य, पोंवळीं, कांच आणि रुप्याचीं भांडीं या देशांत आलीं. आणि कोण जाणे कोणत्या गांठोड्यांतून, एक देवहि आला.

हा देव १९४४ सालीं कोल्हापुरास सांपडला. तेथें पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. (मंगळवेढ्याजवळ भीमेच्या कांठीं जेथें १६९५ पासून औरंगजेबाची छावणी पडली होती, ती आपली ब्रह्मपुरी निराळी.) या टेकडीवर प्राध्यापक कुंदनगार यांना ब्राँझच्या वस्तूंचा एक साठा मिळाला. पुढें १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजचे सांकळिया व दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडांत आणली. कुंदनगारांच्या साठ्यांत धातूचे आरसे होते, डौलदार सुरई होती, आणि वीतभरहि उंच नसलेली एक पुरुषमूर्ति होती. विवस्त्र, दाढी राखलेली, अंगानें पीळदार. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव.

या देवाचा स्वभाव मोठा रागीट. समुद्र खवळावा, भूमि हादरावी, तर त्यानेंच. ओडिसियस या वीरानें त्याच्या एकाक्ष पुत्राचा डोळा फोडला, तेव्हां या बापानें त्याला दहा वर्षे घरची वाट दिसूं दिली नाहीं. होमरच्या महाकाव्याचा निम्मा भार या एका रागावर तोललेला आहे. परंतु सातवाहनांच्या काळीं कोल्हापुरच्या ज्या श्रीमंताच्या घरीं ही मूर्ति होती, त्याला यांतलें कांहीं ठाऊक होतें काय? हातांतला त्रिशूळ तेव्हां शाबूत असेल, तर तो पाहून त्याला शंकराची आठवण झाली असेल काय? कीं एक सुबक परदेशी वस्तु, एवढेंच त्याचें मोल? मला तिसरी गोष्ट अधिक संभवनीय वाटते. आरसा आणि सुरई यांच्या पंक्तीस बसलेला देव पूजेंतला दिसत नाहीं.

कोणी म्हणेल, त्या वेळीं महाराष्ट्रांत यवन राहत होते. त्यांनीं ही कथा सांगितली असेल. यवन होते हें खरें. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांत त्यांचीं दानें कोरलेलीं आहेत. नाशिकच्या सतराव्या लेण्यांतील दाता तर स्वतःला उत्तरेकडील दात्तामित्रीचा योनक म्हणवितो. परंतु त्याचें नांव पाहा: इंद्राग्निदत्त! बापाचें नांव धर्मदेव, मुलाचें धर्मरक्षित. लेणें दिलें तें बौद्ध संघास. माणसें येथें आलीं तीं येथल्या देवाधर्मांत मिसळून गेलीं, आणि मागें राहिली ती ही एक मुकी मूर्ति.

असाच प्रकार उलट दिशेनेंहि घडला. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति निघाली. ती भारतीय आहे हें कोणीहि सांगेल. तेर येथें सांपडलेली हस्तिदंती मूर्ति तिची बहीण शोभावी. इटलीतल्या पंडितांनीं तिचें नांव लक्ष्मी ठेवलें. तेंच पुष्कळ वर्षे चाललें. पुढें बहुतेक अभ्यासकांनीं तिला यक्षी किंवा नुसती प्रसाधन करणारी सुंदरी ठरविलें. आपल्या मूर्तीची गोष्ट त्यांना सांगावयास कोणी तेथें गेलें नव्हतें.

ग्रीक कथा खऱ्या अर्थानें आपल्याकडे आल्या त्या फार उशीरां, आणि गलबतांतून नव्हे, ग्रंथांतून. सर विल्यम जोन्सनें १७८४ सालीं ग्रीस, इटली आणि भारत यांच्या देवतांवर निबंध लिहिला. त्यांतलीं बरींच अनुमानें आज टाकाऊ ठरलीं आहेत. पण ‘द्यौष्पितर्’ व ग्रीकांचा ‘झ्यूस पातेर’ यांचें सख्य भाषाशास्त्रानें कायम राखलें. वरुण आणि ग्रीक ऊरानोस यांचें मात्र तसें नाहीं. एके काळीं मोठ्या थाटानें मांडलेलें हें समीकरण उच्चारांच्या नियमांत बसेना, तेव्हां बहुतेकांनीं सोडून दिलें. गंमत अशी कीं, आपल्या ज्योतिषांनीं युरेनस ग्रहास प्रजापति म्हटलें आणि वरुण हें नांव दिलें नेपच्यूनला. नेपच्यून म्हणजे पोसायडनचेंच रोमन नांव. म्हणजे पंडितांचा हिशेब चुकला आणि पंचांगवाल्यांचा बरोबर आला!

ईडिपसची कथा याहूनहि खोल शिरली. व्हिएन्नाच्या फ्रॉइडनें मानवी मनाच्या एका गांठीस त्याचें नांव दिलें, आणि पु. ल. देशपांडे यांनीं ‘राजा ओयदिपौस’ मराठींत आणला, तेव्हां अजाणतां पाप करणारा हा राजा आपल्या प्रेक्षकांस परका वाटण्याचें कारण नव्हतें. कर्ण आणि दशरथ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना दैवाचा असा डाव ओळखीचा असतो.

मागें एकदां कोल्हापुरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत मी ही मूर्ति पाहत होतों. बरोबरच्या आठ वर्षांच्या पुतण्यानें विचारलें, “काका, हा कुठला देव?” मीं सांगितलें, समुद्राचा. त्यानें भोंवतीं पाहिलें आणि म्हणाला, “मग याचा समुद्र कुठें आहे?” बाहेर पायरीवर बसून त्याला ओडिसियसची सारी गोष्ट सांगावी लागली. ती संपेपर्यंत आमची सोलापूरची गाडी निघून गेली होती.