लाल ठिपका, डब्लिन आणि आपलं पुणं

सिनेमात शत्रूच्या छातीवर फिरणारा लाल ठिपका म्हणजे लेझर. मी म्हणतोय तो ठिपका वेगळा, तो समोरच्याला दिसतच नाही. पिस्तुलावर नखाएवढी काच बसवलेली असते आणि तो फक्त पिस्तूल धरणाऱ्याला दिसतो. रेड डॉट साइट म्हणतात ती हीच.

ही कल्पना बंदुका बनवणाऱ्याची नाही, दुर्बिणी बनवणाऱ्याची. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली तिचं पेटंट घेतलं. हेच ते ग्रब, ज्यांच्या कारखान्यातली दुर्बीण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आली होती! भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तिथे वेधशाळा उभी राहिली, कावसजी नायगमवाला ती चालवत. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. आपल्याकडून गेलं ते गेलंच, असो.

ग्रब यांची युक्ती साधी होती. जुन्या पद्धतीत मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य, तिन्ही एका रेषेत आणायचे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो, म्हणून नजर माशीवर ठेवली की लक्ष्य धूसर. चाळिशी लागलेल्यांना तर विचारूच नका. ग्रबनी काचेतून परावर्तित केलेली खूण अशी दाखवली की ती दूर लक्ष्यापाशीच आहे असं वाटावं. आधी ती लढाऊ विमानांत गेली. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरचे वैमानिक अशाच काचेतून नेम धरत होते. 1970 च्या दशकाच्या मध्यावर स्वीडनच्या एमपॉइंटने एलईडी वापरून ती बंदुकीवर आणली.

पिस्तुलावर मात्र घोडं अडलं. गोळी सुटली की स्लाइड झटक्याने मागे जाते, रिकामं काडतूस फेकते, परत पुढे आदळते. त्यावर स्क्रूने बसवलेल्या नाजूक वस्तूचं काय होणार? म्हणून स्पर्धक ती न हलणाऱ्या सांगाड्यावर बसवत. 1990 मध्ये जेरी बार्नहार्ट अमेरिकेची यूएसपीएसए राष्ट्रीय स्पर्धा रेड डॉट लावूनच जिंकला. पण ते धूड कमरेला लावून गस्त कोण घालणार! पुढे काच लहान आणि दणकट झाली, स्लाइडवर तासून खाच पाडायची पद्धत आली, आणि 2015 मध्ये ग्लॉकने कारखान्यातूनच तशी खाच देणारी पिस्तुलं आणली. दोनच वर्षांत अमेरिकी लष्कराने निवडलेल्या पिस्तुलावरही काचेची सोय होती. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत मात्र आजही ती चालत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 चं आशियाई सुवर्ण खाच-माशीवरच मिळवलं.

मला यात रस आहे तो पोलिसांमुळे. अमेरिकेतली अनेक पोलीस दलं आता ही काच वापरू देतात. नजर माशीवर नसून समोरच्या माणसावर राहते, त्याच्या हातात मोबाईल आहे की शस्त्र हे स्पष्ट दिसतं. ही माझ्या मते नेमापेक्षा मोठी गोष्ट. पण नवख्याला पिस्तूल उचलल्यावर ठिपका सापडतच नाही, तो काचेबाहेर कुठेतरी असतो. मनगटाला सवय लागायला शेकडो वेळा तेच करावं लागतं. शिवाय बॅटरी बदला, स्क्रू तपासा, काच काढून बसवली की नेम पुन्हा जुळवा. उद्या आपल्याकडच्या एखाद्या दलाने ही काच घ्यायची ठरवली, तर मी किमतीआधी एवढंच विचारेन: दर शिपायाला वर्षाला सरावाच्या गोळ्या किती देणार?